वाचकांचे प्रश्न : देणगीचा पैसा पुरेसा आणि वेळेवर कसा पोचेल?

या वेळच्या पत्रांत दोन्ही बाजूंची माणसं आहेत. काही जण अनुदान देणाऱ्या प्रतिष्ठानांचे विश्वस्त आहेत, काही जण त्या पैशावर गावोगाव काम करणाऱ्या संस्थांचे कार्यकर्ते. विषय एकमेकांत गुंतलेला असल्यानं पत्रं एकत्र घेतली आहेत. कायद्याचे मुद्दे महाराष्ट्रात नोंदलेल्या सार्वजनिक न्यासांना धरून आहेत. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून आयकराचे नियम क्रमांकाविना, साध्या शब्दांत दिले आहेत.

प्रश्न : आमचं कुटुंबाच्या नावाचं प्रतिष्ठान आहे. प्रशासकीय खर्चासाठी आम्ही 5 टक्के देतो, कारण कायद्यात तेवढीच मर्यादा आहे असं ऐकलंय. एक चांगली संस्था 19 टक्के मागते आहे. एवढा पैसा ऑफिसवर जाणं योग्य आहे का? — एक विश्वस्त, नाशिक

उत्तर : 5 टक्क्यांचा नियम तुमच्यासाठी नाहीच. तो कंपन्यांच्या सीएसआर (कायद्यानं ठरवून दिलेला सामाजिक खर्च) नियमांत आहे आणि तिथेही तो कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या कारभाराला लागू होतो. 2021 च्या दुरुस्तीत 'प्रशासकीय खर्चा'ची व्याख्याच अशी केली आहे की, कंपनीनं आपल्या सीएसआर कामाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनावर केलेला खर्च तेवढा त्यात येतो. संस्थेच्या हिशेबनिसाचा पगार किंवा ऑफिसचं भाडं त्यात धरायचं कारण नाही. तरी वर्षानुवर्षं कंपन्यांचे अधिकारी संस्थांना 'कायद्यानं 5 टक्केच' म्हणून सांगत आले आणि आता कुटुंबांची प्रतिष्ठानंही तेच म्हणू लागली आहेत. मर्यादा हवीच असेल तर ती तुमच्या विश्वस्त मंडळाची असेल. तिचं खापर कायद्यावर फोडू नका.

आता 19 टक्क्यांचा हिशेब मांडून बघू. मोखाडा-जव्हारकडच्या 20 पाड्यांवरच्या शाळांत वाचन-गणिताचा एक वर्षाचा कार्यक्रम आहे असं समजा. संस्थेत एकूण 21 कर्मचारी आहेत आणि त्यांतले 7 या कार्यक्रमात आहेत. सहा कार्यकर्ते दरमहा 15,000 रुपयांवर आणि एक समन्वयक 28,000 वर. पगार झाला 14 लाख 16 हजार. पुढचे दोन आकडे बहुतेक प्रपोजलमध्ये नसतात. 20 किंवा अधिक कर्मचारी असले की भविष्य निर्वाह निधी लागू होतो. 15,000 च्या मर्यादेपर्यंतच्या वेतनावर संस्थेचा वाटा, विमा आणि शुल्क धरून 13 टक्के, म्हणजे सात जणांचे वर्षाला 1 लाख 64 हजार. ग्रॅच्युइटी दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून. म्हणजे पगाराच्या सुमारे 4.81 टक्के, इथे 68 हजार. 'आमची माणसं वर्षाच्या करारावर आहेत, ग्रॅच्युइटी कशाला' हे उत्तरही आता चालणार नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ठरावीक मुदतीच्या करारावरच्या माणसाला एका वर्षाच्या नोकरीनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला आहे.

प्रवासाचे 2 लाख 28 हजार, दर शाळेला 9,000 प्रमाणे साहित्याचे 1 लाख 80 हजार, दोन निवासी प्रशिक्षणांचे 60 हजार. कार्यक्रमाचा थेट खर्च झाला सुमारे 21 लाख 16 हजार. संस्थेचा सामायिक खर्च, म्हणजे हिशेबनीस, संचालकांचा वेळ, भाडं, वीज, ऑडिट, टॅली, विमा, मिळून वर्षाला 12 लाख आहे. 21 पैकी 7 माणसं या कार्यक्रमाची, म्हणून त्याचा वाटा एक तृतीयांश, 4 लाख. 4 लाख म्हणजे 21.16 लाखांच्या 19 टक्के. तुम्ही 5 टक्के दिलेत तर 1 लाख 6 हजार मिळतील आणि 2 लाख 94 हजारांचा खड्डा पडेल. तो खड्डा संस्था हिशेबनीस अर्धवेळ करून, पीएफ चुकवून किंवा कार्यकर्त्याचा पगार 12,000 वर आणून भरते. मग सहा महिन्यांत कार्यकर्ता सोडून जातो, नवा माणूस शिकवावा लागतो, तुमच्याकडे येणारा हिशेबही उशिरा आणि चुकांसकट येतो.

एक गफलत मात्र टाळा. 19 टक्के हे थेट खर्चाच्या प्रमाणात आहेत. हेच 4 लाख एकूण 25.16 लाखांच्या प्रमाणात काढले तर 16 टक्के होतात. एक दाता एका पद्धतीनं विचारतो, दुसरा दुसऱ्या, आणि संस्था लबाडी करते असा उगाच संशय येतो. प्रमाण कशावर काढायचं ते अर्जाच्या फॉर्मवरच लिहा. टक्केवारीवर घासाघीस करण्यापेक्षा संस्थेकडे सामायिक खर्चाची यादी आणि वाटणीची रीत मागा. वाटणी माणसांच्या संख्येवर, जागेच्या वापरावर किंवा वेळेच्या नोंदीवर होते. कोणतीही चालेल, फक्त सगळ्या दात्यांना एकच सांगितलेली असावी. एकाच संचालकाचा पूर्ण पगार दोन दात्यांच्या बजेटात दिसतो का, हे तपासायला यातूनच सोपं जातं.

प्रश्न : आम्ही बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काम करतो. मंजुरी सप्टेंबरात, पहिला हप्ता नोव्हेंबर-डिसेंबरात, दुसरा थेट एप्रिलमध्ये. मधल्या काळात पगार थकतात. मार्चअखेर अचानक मोठी रक्कम येते आणि 'आठ दिवसांत खर्च करून यूसी (पैसा वापरल्याचं प्रमाणपत्र) द्या' असा फोन येतो. हे देणगीदारांना कसं समजवावं? — एका संस्थेच्या सचिव, केज

उत्तर : सचिवताई, तुमचं पत्र आम्ही देणगीदारांना उद्देशूनच छापतो आहोत, कारण यात बदलायचं आहे ते त्यांनीच.

आधी हंगाम. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते (तोडणीला जाणारी नवरा-बायकोची जोडपी) गावातून निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) त्याआधीच घेतलेली असते. मूल आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहणार की फडावर जाणार, हे घरात ठरतं ते गणपती ते दसऱ्याच्या दरम्यान. त्या आठवड्यांत कार्यकर्ता दारात बसलेला असला तर काही होतं. डिसेंबरात पैसे आले तेव्हा तांड्यावर म्हातारी माणसं आणि कुलपं उरलेली असतात. म्हणून या कामाचा पहिला हप्ता जुलैअखेर पोचायला हवा आणि त्यासाठी मंजुरी मे महिन्यात. जलसंधारणाचं वेळापत्रक वेगळं: माती-दगडाचं काम जूनच्या पावसाआधी संपतं, म्हणजे पैसा जानेवारीत हवा. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात जूनअखेर. प्रत्येक अर्जावर एक ओळ असावी: 'या कामाचे मोक्याचे महिने कोणते?' आणि हप्त्यांच्या तारखा त्या ओळीवरून ठरवाव्यात.

आता हप्त्यांचं गणित. 12 लाखांचा वर्षाचा प्रकल्प, दरमहा एक लाख खर्च, हप्ते 40-40-20. नोव्हेंबरच्या सुरुवातीला 4 लाख 80 हजार आले. अट अशी की 80 टक्के खर्च झाल्यावर पुढचा हप्ता मागायचा. 3 लाख 84 हजार खर्च व्हायला फेब्रुवारीचा शेवट येतो. अहवाल लिहिणं, सीएची सही, देणगीदाराकडची तपासणी, शंका आणि मंजुरी यांत सात आठवडे गेले तर पैसा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात येतो. संस्थेकडची रक्कम मात्र मार्चच्या चौथ्या आठवड्यातच संपलेली असते. जवळजवळ महिनाभर पगार नाही. हीच अट 60 टक्क्यांची केली, तर मागणी जानेवारीअखेर जाते, सात आठवड्यांनी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पैसा येतो आणि खंड पडत नाही. देणगीदाराला यात एक रुपयाही जास्त लागत नाही. शेवटचे 20 टक्के 'ऑडिटनंतर' देण्याची अट त्याहून जाचक, कारण 2 लाख 40 हजार संस्थेनं पदरचे घालून ठेवायचे असा तिचा अर्थ होतो. काही राखूनच ठेवायचं असेल तर 5 टक्के पुरे.

'तोवर उसनवारी करा' असं सहज म्हटलं जातं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 36-अ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विश्वस्तांना न्यासासाठी कर्ज काढता येत नाही. कारखान्याला बँकेचं कॅश क्रेडिट असतं, न्यासाला नसतं. त्यामुळे उशिराचा भार शेवटी संचालकाच्या घरच्या दागिन्यांवर किंवा कार्यकर्त्याच्या किराण्याच्या उधारीवर येतो. ज्याच्याकडे ठेव आहे त्यानं जोखीम घ्यायची की ज्याच्याकडे महिन्याचा पगार आहे त्यानं, हे देणगीदारांनी एकदा मंडळासमोर मांडावं.

मार्चअखेरच्या फोनमागंही एक कारण आहे. संस्थेच्या खात्यात पैसे टाकले म्हणजे कंपनीचा सीएसआर खर्च झाला असं कायदा धरत नाही. संस्थेनं ते वापरले की मग तो खर्च. म्हणून कंपनीला 31 मार्चच्या आत यूसी हवी असते. पण कंपनीच्या संचालक मंडळानं प्रकल्प 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर केला असेल तर ही घाई लागत नाही. सुरू झालेलं वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत तो चालू शकतो. न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून 30 दिवसांत वेगळ्या 'अनस्पेन्ट सीएसआर' खात्यात टाकायची आणि तीन आर्थिक वर्षांत खर्चायची. करार करतानाच हा शब्द मंजुरीच्या ठरावात घालून घ्या. नंतर तो घालायचा तर संचालक मंडळाला सबळ कारण देऊन प्रकल्पाची मुदत वाढवावी लागते. तरीही 27 मार्चला पैसे आलेच, तर खोटी बिलं गोळा करू नका. न्यासानं वर्षाच्या उत्पन्नाचे 85 टक्के त्याच वर्षी खर्चायचे असतात, हे खरं. पण ते शक्य नसेल तर मुदतीत ठरलेला फॉर्म भरून पुढच्या वर्षी खर्च करण्याची सोय आयकरात आहे. सीएला मार्चमध्येच सांगून ठेवा. उशिरा आठवण झाली तर मुदत हातची जाऊ शकते.

प्रश्न : देणगीदार मूळ बिलं मागतात, प्रत्येक लाभार्थ्याचा फोटो आणि आधारची झेरॉक्सही. द्यावं का? — एक हिशेबनीस, अमरावती

उत्तर : मूळ बिलं देऊ नका. न्यासाचं ऑडिट त्यांच्यावरच होतं. शिवाय करसवलत घेणाऱ्या न्यासांनी हिशेबाची पुस्तकं आणि बिलं दहा वर्षं जपायची असा आयकराचा नियम 2022 पासून आहे. बिलावर 'अमुक प्रकल्पात खर्ची' असा शिक्का मारा, म्हणजे तेच बिल दोनदा वापरलं जाणार नाही. मग लेजर आणि प्रमाणित प्रती पाठवा. देणगीदाराला मूळ बघायचं असेल तर त्यानं ऑफिसात येऊन बघावं.

आधारची प्रत देणगीदाराला कशासाठीच लागत नाही. गावनिहाय, वयनिहाय आकडे पुरतात. पडताळणीसाठी त्यांनी यादीतली दहा नावं काढून भेटी घ्याव्यात. फोटोंच्या बाबतीत दोन ठिकाणी कायदाच आडवा येतो. बाल न्याय कायद्याखालच्या आणि पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) प्रकरणांतल्या मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. बालगृहातल्या मुलांचे चेहरे वार्षिक अहवालात छापणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. आणि कायद्याचं सोडा: साडी किंवा दप्तर हातात धरून बॅनरखाली रांगेत उभं राहायला लावणं हे त्या बाईला, त्या मुलाला नकोसं असतं. तसा फोटो मागूच नये.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी आम्ही मराठवाड्यातल्या काही गावांना पाण्याचे आरओ प्लांट दिले. प्रत्येक गावाचा ग्रामसभेचा ठराव होता. आज निम्मे बंद आहेत. चुकलं कुठं? लोकांना खरंच काय हवंय हे कसं कळावं? — एका उद्योगसमूहाच्या फाउंडेशनचे व्यवस्थापक, पुणे

उत्तर : बहुतेक बंद प्लांटची कहाणी एकाच क्रमानं जाते. बोअरचं पाणी जड असतं. आरओच्या पडद्यावर क्षार बसू नयेत म्हणून अँटिस्केलंट नावाचं रसायन थेंबाथेंबानं सोडावं लागतं. पहिला कॅन कंपनी देते. तो संपल्यावर विकत आणायला समितीकडं पैसे नसतात, किंवा तो भरायचा असतो हेच नव्या ऑपरेटरला कुणी सांगितलेलं नसतं. क्षार बसतात, दाब वाढतो, धार बारीक होते. बायका दोन दिवस थांबून बघतात आणि टँकरवाल्याकडं वळतात. विक्री घटते, वीजबिल थकतं, महावितरण जोडणी तोडतं. यंत्र चांगलंच असतं, सोबत चालवण्याचा हिशेब दिलेला नसतो.

तो हिशेब बसवण्याआधी करायचा. ढोबळमानानं: ताशी 500 लिटरचा प्लांट, 20 लिटरचा जार 5 रुपयांना. रोज 150 कुटुंबांनी नेला तर महिन्याला 22,500 रुपये. ऑपरेटरला 7,000, वीज 4,500, रसायन आणि फिल्टर 2,500, उरतात 8,500. त्यातून पडदा बदलण्यासाठी बाजूला ठेवता येतात. 50 कुटुंबांनीच नेला तर जमा 7,500 आणि दरमहा 6,500 ची तूट. म्हणजे साठ-सत्तर उंबऱ्यांच्या वस्तीत हा प्लांट चालणार नाही, हे कागदावरच दिसतं. दुसरी बाब पाण्याची. लहान प्लांटमध्ये जेवढं शुद्ध पाणी मिळतं साधारण तेवढंच, कधी जास्तही, खारं होऊन बाहेर जातं. दुष्काळी गावात ते कुठं सोडणार हे ठरवल्याशिवाय काम सुरू करू नये.

त्याहून आधीचा प्रश्न: आरओची गरज होती का? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत चांगले आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2,000 पर्यंत चालतात. नायट्रेटची मर्यादा 45, फ्लोराइडची 1, पर्याय नसल्यास 1.5. फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त असेल तर आरओचा विचार करा, तोही सुरक्षित विहिरीचा पर्याय तपासून. दोष फक्त जंतूंचा असेल तर टाकीत नियमित क्लोरीन टाकणं, गळती बुजवणं आणि विहिरीला कठडा बांधणं एवढ्यानं भागतं. त्या कामाला उद्घाटनाचा फलक लागत नाही, म्हणून ते मागे पडतं.

ठरावाबद्दल. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या सहीचा एक कागद म्हणजे गावाचं मत नव्हे. फुकट मिळणाऱ्या वस्तूला कोणतीही ग्रामसभा नाही म्हणत नाही. ठराव मागण्याआधी वाडी, तांडा, वस्ती अशा प्रत्येक ठिकाणी वेगळं बसा, कारण मुख्य गावातल्या मंदिरासमोरच्या सभेत दलित वस्तीतली किंवा तांड्यावरची बाई बोलत नाही. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. तिचं इतिवृत्त मागा. नुसतं नोंदवहीत आहे की खरंच झाली, हे दोन बायकांशी बोललं की कळतं. पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी स्वशासनाचा कायदा लागू असलेल्या भागात, पाड्याची स्वतःची ग्रामसभा असू शकते, मग ठराव तिचा हवा. आणि पर्याय मांडताना किंमत सांगा: 'हे आठ लाख आहेत. यात प्लांट होईल, किंवा जुन्या नळयोजनेची दुरुस्ती आणि तीन वर्षांची देखभाल होईल. प्लांट घेतलात तर दर महिन्याला एवढे पैसे गावाला काढावे लागतील.' पैसा किती आहे हे गावापासून लपवून 'तुम्हाला काय हवं' विचारण्यात अर्थ नाही.

गावाची तयारी आधी आणि मोठा पैसा नंतर, हा क्रम महाराष्ट्राला नवा नाही. 1990 च्या दशकात नाबार्डच्या साथीनं इथे चाललेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात गावानं आधी श्रमदान करून दाखवायचं, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी मान्य करायची, छोट्या तुकड्यावर काम करत शिकायचं आणि मग पूर्ण पाणलोटाचा निधी मिळायचा, अशी रचना होती. तुमच्या कामातही पहिले सहा महिने गाव, समिती आणि ऑपरेटर यांच्या तयारीवर खर्च करा आणि त्याचा पैसा संस्थेला वेगळा द्या. पण श्रमदानाची अट डोळे झाकून घालू नका. बंधाऱ्यानं पाणी वाढतं ते विहीर असलेल्याच्या शेतात, आणि श्रमदानाला येते भूमिहीन बाई, जिची त्या दिवसाची मजुरी बुडते. चराईबंदीचा फटकाही शेळ्या पाळणाऱ्यालाच आधी बसतो. लोकवर्गणी जमिनीच्या प्रमाणात घ्या, भूमिहीनांना मजुरी द्या.

बंद प्लांटचं आता काय? गावागावांत नवं पाणी-परीक्षण करा आणि वरचा हिशेब समितीसमोर मांडा. जिथं तो बसतो तिथं पडदा बदलून, थकलेलं बिल भरून, ऑपरेटरला पुन्हा शिकवून दोन वर्षं हळूहळू कमी होत जाणारी मदत द्या. जिथं बसत नाही तिथून यंत्र हलवा.

प्रश्न : संस्था आम्हाला सगळं छानच चाललंय असं सांगतात. अडचणी नंतर बाहेरून कळतात. खरं कसं कळेल? — एक विश्वस्त, मुंबई

उत्तर : वाईट बातमी सांगितली की अनुदान जातं, अशी भीती असेल तर कुणी ती सांगणार नाही. म्हणून पुढच्या वर्षीच्या अनुदानाचा निर्णय अहवाल येण्याच्या आधी, निदान सहा महिने, कळवून टाका. बजेटात एका शीर्षाचे पैसे दुसऱ्या शीर्षात 15 टक्क्यांपर्यंत न विचारता वळवायची मुभा द्या. नाहीतर डिझेल महागलं तरी संस्था ते प्रशिक्षणाच्या चहा-नाश्त्यात दाखवते, आणि तिथून खोट्याची सवय लागते. अहवालाचा नमुना दोन पानांचा करा आणि त्यात 'काय जमलं नाही, काय बदललं' ही जागा सर्वांत मोठी ठेवा. दुसऱ्या दात्याला दिलेला अहवाल आहे तसा चालवून घ्या. पाच दात्यांचे पाच नमुने भरण्यात समन्वयकाचे दर तिमाहीला कित्येक दिवस जातात आणि तेवढे दिवस तो गावात नसतो.

भेटीला जाताना हार, शाल-श्रीफळ, सत्कार नको असं लेखी कळवा. जेवणाचे पैसे द्या. संस्थाचालकांना बाजूला ठेवून अर्धा दिवस कार्यकर्त्यांसोबत फिरा, पण ते चालकांना आधी सांगून; चोरून चौकशी करू नका. आणि पगार वेळेवर होतात का, हा एक प्रश्न नक्की विचारा. उत्तर नकारार्थी आलं तर आधी आपल्या हप्त्यांच्या तारखा काढून बघा.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असते, माझा पासपोर्ट अजून भारतीय आहे, यजमानांचं नागरिकत्व अमेरिकन. कोकणातल्या आमच्या गावच्या शाळेच्या न्यासाला पैसे पाठवायचेत. — एक वाचक

उत्तर : भारतीय नागरिकानं आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परदेशी देणगीत मोडत नाही, म्हणून तुम्ही स्वतःच्या खात्यातून पाठवू शकता. सोबत पासपोर्टची प्रत द्या. यजमानांची रक्कम मात्र परदेशी देणगी ठरते, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरी. ती घ्यायला न्यासाकडं एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी हवी आणि पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावा लागतो. संयुक्त खात्यातून पाठवू नका. 'ओळखीच्या मोठ्या एफसीआरए संस्थेला देतो, ती पुढं शाळेला देईल' हा मार्ग 2020 च्या दुरुस्तीनं बंद झाला आहे. नोंदणीविना परदेशी देणगी घेतली तर अडचणीत येतात ते गावातले विश्वस्त. थेट भारतीय न्यासाला दिलेल्या रकमेवर अमेरिकेत करसूट मिळत नाही, हेही धरून चला.

प्रश्न : आमच्या प्रतिष्ठानाचं धोरण आहे की एका संस्थेला तीन वर्षंच मदत करायची. पुढं त्यांनी स्वावलंबी व्हावं. हे बरोबर आहे का? — एक विश्वस्त, कोल्हापूर

उत्तर : संस्था कोणतं काम करते यावर ते अवलंबून आहे. शेतकरी उत्पादक कंपनी तीन-पाच वर्षांत स्वतःच्या उलाढालीवर उभी राहू शकते. मतिमंद मुलांची कार्यशाळा किंवा हिंसाचारातून बाहेर पडलेल्या बायकांचा निवारा कधीच 'स्वावलंबी' होत नाही. त्यांना दुसरा दाता मिळतो किंवा ते बंद पडतात. म्हणून करारात तीन वर्षांऐवजी प्रश्न लिहा: आपण थांबल्यावर हा खर्च कोण करणार? उत्तर 'सरकार' असेल तर कोणत्या खात्याची कोणती योजना, 'लोक' असतील तर दरमहा किती. उत्तर सापडत नसेल तर मुदत वाढवा, किंवा सुरूच करू नका.

थांबायचं ठरलं तर किमान बारा महिने आधी लेखी कळवा. कर्मचाऱ्यांना नोटीस, मुलांची दुसरी सोय, नव्या दात्याचा शोध यांना तेवढा वेळ लागतोच. रक्कम एकदम शून्यावर न आणता शेवटच्या दीड वर्षात 100, 60, 30 टक्के अशी सहा-सहा महिन्यांनी उतरवा. जमलेली ग्रॅच्युइटी शेवटच्या हप्त्यात मोजून द्या. आणि संस्थेबद्दल दोन ओळींचं पत्र द्या की आपण धोरण म्हणून थांबतो आहोत, संस्थेच्या चुकीमुळे नव्हे. नवा दाता पहिल्यांदा हेच विचारतो.

गंगाजळी उभी करायला मदत करायची असेल तर ती शेवटच्या दिवशी कॉर्पस (मुद्दल न मोडता जपायचा निधी) देऊन नको. तुमचं प्रतिष्ठानही न्यास असेल, तर दुसऱ्या न्यासाला दिलेली कॉर्पस देणगी तुमचा खर्च म्हणून धरली जात नाही. 2023 च्या वित्त कायद्यानंतर साध्या देणगीचेही 85 टक्केच धरले जातात. आपल्या सीएनं हे हिशेबात घेतलंय का ते बघा. त्यापेक्षा पहिल्या वर्षापासूनच अनुदानाचा काही भाग कोणत्याही कामाला न बांधता द्या. न्यासाला उत्पन्नाचे 15 टक्के विनाअट शिल्लक ठेवता येतात. 60 लाखांच्या संस्थेला वर्षाला 9 लाख. तीन महिन्यांचा खर्च म्हणजे 15 लाख जमवायला तिला जवळपास दोन वर्षं लागतील, पण तेवढा पैसा मोकळा मिळाला तरच. प्रत्येक रुपया कामाला बांधलेला असेल तर शिल्लक ठेवायला काही उरतच नाही. तुमच्या तीन वर्षांत हे बसतं, सुरुवात पहिल्याच हप्त्यापासून केली तर.